परक्या गावचा संप

सेक्रेटरींनी आयुष्यात किती संप केले याची मोजदाद खुद्द त्यांनाही करता आली नसती. पण ताप येतो किंवा कावीळ होते तसा एखादा संप आपल्यालाही होऊ शकतो, हे त्यांना परदेशात पाऊल टाकल्यावर कळलं.

सेक्रेटरी म्हणजे बस डेपोच्या कामगार संघटनेचे सेक्रेटरी. निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, डेपोच्या फाटकावर त्यांना ओळखणारा वॉचमनही उरला नव्हता, पण कॉलनीत त्यांना दुसरं नाव नव्हतं. दूधवाला सेक्रेटरी म्हणायचा, जावई पाठीमागे सेक्रेटरी म्हणायचा, आणि फार रागावली की बायकोही म्हणायची. बायकोला सगळे वहिनी म्हणत.

एकुलती एक लेक परदेशात नोकरी करत होती. जावई मालवाहू जहाजावर इंजिनीयर, वर्षातला बराच काळ समुद्रात. एके दिवशी लेकीचा फोन आला. पोटात गाठ निघालीय, ऑपरेशन ठरलंय, उघडून पाहिल्याशिवाय डॉक्टर काही सांगत नाहीत, असं तिनं भाजी महागल्याचं सांगावं तसं सांगितलं. वर म्हणाली, तुम्ही नाही आलात तरी चालेल. त्यावरून दोघांना कळलं की जायलाच हवं.

जायचं ठरल्याबरोबर घराची धर्मशाळा झाली. शेजारधर्म म्हणून जो तो सल्ला घेऊन येई आणि चहा पिऊन जाई. समोरच्या बाईंनी लोणच्याची बरणी विमानात कशी न्यावी हे सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी विमानात कानात कापूस का घालू नये हे सांगितलं. आजारपणाविषयी कुणी चकार शब्द काढत नव्हतं, म्हणजे सगळे त्याचाच विचार करत होते. तळमजल्यावरचे मॅनेजर बँकेतून निवृत्त झाल्यावर एका सहलीबरोबर सात देशांत जेवून आले होते, त्यामुळे परदेश हा त्यांचा विषय. ते म्हणाले, तिकडे गाडी म्हणजे घड्याळ. आपल्यासारखं नाही, की कुणी तरी फाटकावर झेंडा लावला आणि चाकं बंद. हे वाक्य म्हणताना ते छताकडे बघत होते, पण सेक्रेटरींना ते बरोबर जिथे लागायचं तिथे लागलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढून, 'हे पाहा मॅनेजर, संपाचा हक्क जो आहे' अशी सुरुवात केली. तेवढ्यात वहिनींनी रिकामे कप गोळा केले. त्या घरात कप उचलले गेले की सभा बरखास्त झाली असं समजायची पद्धत होती.

व्हिसाच्या कचेरीनं त्यांना पुरतं पिळून काढलं. तुम्ही परत येणारच याचा पुरावा काय, असं काचेपलीकडच्या तरुणीनं विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, माझं सगळं भांडण इथं आहे, मी तिथं राहून काय करू. हे उत्तर त्यांना स्वतःला फार आवडलं, पण तरुणीला आवडलं नसावं, कारण व्हिसा यायला इतका उशीर झाला, की ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोचायचं ते ऑपरेशनच्याच दिवशी पोचायचं ठरलं. तरी हिशेब जुळत होता. सकाळी विमान उतरणार, तिथून गाडीनं लेकीच्या शहरात, आणि दुपारी तिला आत नेतील त्याच्या आधी हॉस्पिटलात. आत जाण्याआधी तिचा हात धरायचा, एवढंच काम होतं. एवढ्यासाठीच समुद्र ओलांडला होता.

विमान वेळेवर उतरलं. विमानतळाच्या खालीच मोठं स्टेशन होतं. वहिनी सरकत्या जिन्यावर पाय टाकायला घाबरत, म्हणून सेक्रेटरींची बाही गच्च धरून त्या खाली उतरल्या. खाली उतरून पाहतात, तर फलाटावर गाडी नाही, गर्दी नाही, आवाज नाही. वरच्या सगळ्या पाट्यांवर एकच शब्द. सेक्रेटरींना तिथली भाषा येत नव्हती, पण फाटकापाशी खिशात हात घालून उभी असलेली माणसं त्यांनी पाहिली, घडीचं टेबल पाहिलं, टेबलावरचा चहाचा मोठा थर्मास आणि पत्रकांचा गठ्ठा पाहिला, आणि कुंभमेळ्यात हरवलेला भाऊ दिसावा तसा त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, हा संप आहे," ते म्हणाले.

त्या वाक्यातला आनंद त्यांनी गिळायच्या आधीच तोंडातून निसटला होता. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेनं सेक्रेटरींच्या लक्षात आलं, की गाडी नाही म्हणजे आपल्यालाही गाडी नाही.

मग त्यांनी चौकशीची खिडकी गाठली. सगळे कर्मचारी संपावर असल्यानं खिडकीत कुणी तरी साहेब बसला होता, ज्यानं खिडकीत बसणं केव्हाच सोडून दिलं असावं. सेक्रेटरींच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीला त्यानं तितक्याच मोडक्या इंग्रजीत दाद दिली. आमची गाडी रद्द झाली, दुसरी काही सोय करा, असं सेक्रेटरींनी सांगितलं. साहेबानं संगणकात पाहिलं आणि सांगितलं, की तुमची गाडी रद्द झालेली नाही. सेक्रेटरींनी विचारलं, मग कधी येणार. तो म्हणाला, येणार नाही. सेक्रेटरी म्हणाले, म्हणजे रद्द. तो म्हणाला, नाही, रद्द नाही, ती फक्त येणार नाही. रद्द झाली असती तर नियमाप्रमाणे सोय करून द्यावी लागली असती. पण गाडी रद्द करण्याचा अधिकार ज्या अधिकाऱ्याला होता, तो लांबच्या उपनगरात राहत असे आणि गाड्या बंद असल्यामुळे कामावर पोचू शकला नव्हता.

दुसरा कुठला माणूस असता तर इथं चिडला असता. सेक्रेटरींनी असले साहेब जन्मभर पाहिले होते. त्यांना उलट घरच्यासारखं वाटलं.

मोठी बॅग ओढत फिरणं अवघड होऊ लागलं, तेव्हा ती सामानघरात ठेवून मोकळ्या हातानं दुसरं वाहन शोधावं असं ठरलं. बॅग ठेवली, पावती वहिनींच्या पर्समध्ये गेली, आणि दोघं पाठ वळवतात न वळवतात तोच सामानघराच्या माणसानं शटर खाली ओढलं, कुलूप लावलं आणि टेबलाजवळच्या मंडळींत जाऊन उभा राहिला. सामानघरवाले सकाळी संपात नव्हते. ते आत्ता आले. सेक्रेटरी त्याच्याकडे धावले खरे, पण त्याच्या छातीवरचा नवा कोरा बिल्ला पाहून त्यांच्या तोंडून तक्रारीऐवजी अभिनंदनच बाहेर पडायच्या बेतात होतं. वहिनींनी त्यांना मागून दंडाला धरून थांबवलं.

बाहेर टॅक्सीचा थांबा होता. तिथे टॅक्सी होत्या, टॅक्सीवालेही होते, पण ते टॅक्सींच्या टपांना टेकून उभे होते. त्यांनी सहानुभूती म्हणून बंद पाळला होता. सेक्रेटरींनी ऐन उमेदीच्या काळात आपल्या गावातल्या रिक्षावाल्यांची सहानुभूती मिळवण्यासाठी बैठकांवर बैठका घेतल्या होत्या. प्रत्येक बैठकीत रिक्षावाले भजी खात आणि विचार करून सांगतो म्हणत. आणि इथे, नेमकं आज, कुणी न मागता अख्खा थांबा सहानुभूतीनं भरून वाहत होता.

एव्हाना वहिनींनी लेकीला फोन लावला होता. तिथलं सिमकार्ड असलेला फोन एकच, तो त्यांच्याकडे. लेक म्हणाली, आई, घाई करू नका, उद्या आलात तरी चालेल. तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता आणि त्यामुळे वहिनींचा बदलला. दरम्यान कॉलनीच्या ग्रुपवर बातमी पोचली होती आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला होता. मास्तरांनी नदीतून बोटी जातात का पाहा असं सुचवलं. समोरच्या बाईंच्या सुनेनं नकाशा पाठवला, तो त्याच नावाच्या, पण दुसऱ्याच खंडातल्या शहराचा निघाला. जावयानं भर समुद्रातून कळवलं की काहीही करून पोचा, आणि मग थोड्या वेळानं परत तेच कळवलं. मॅनेजरांनी काहीच लिहिलं नाही, फक्त हात जोडल्याचं चित्र टाकलं. सेक्रेटरींना ते सहानुभूतीचं वाटलं नाही.

शेवटी वाट सापडली ती वहिनींना. एका बाईच्या मागे चार माणसं बॅगा घेऊन लगबगीनं स्टेशनच्या पाठीमागे जाताना त्यांनी पाहिली आणि त्या सेक्रेटरींना घेऊन त्याच वाटेनं निघाल्या. मालधक्क्याच्या मागे एक मोठं लोखंडी फाटक होतं. फाटकाच्या आत खाजगी बस उभी होती. काचेवर लेकीच्या शहराचं नाव. रेल्वे कंपनीनं बाहेरून चालक आणून गुपचूप काढलेली गाडी होती ती. वेळेत पोचवणारी एकच. बाजूला पोलीस उभे होते, आणि फाटकाच्या दोन्ही अंगांना संपवाले रांग धरून उभे होते. ते अडवत नव्हते, ओरडत नव्हते. नुसते येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांत बघत होते.

ते गप्प उभं राहणं सेक्रेटरी ओळखून होते. डेपोतल्या नव्या पोरांना त्यांनी स्वतः ते शिकवलं होतं: ओरडणाऱ्याला माणूस उलटून ओरडू शकतो, गप्प माणसासमोरून जाताना त्याची मान खाली जाते.

वहिनी सरळ चालत राहिल्या. फाटकापर्यंत पोचल्यावर मागची पावलं ऐकू येईनात, तेव्हा वळल्या. सेक्रेटरी रांगेच्या सुरुवातीलाच थांबले होते.

"काय झालं?"

"ही गाडी संप फोडायची आहे."

"ही गाडी पोरीकडे जायची आहे," वहिनी म्हणाल्या.

सेक्रेटरींना ते दिसत होतं. तत्त्वाचा प्रश्न असता तर त्यांनी तिथल्या तिथे सोडवला असता. हा आपला संप नाही, आपली संघटना नाही, आपला देशही नाही. शिवाय आजारपणाला सवलत असतेच. त्यांनी स्वतः दूध, औषधं, अँब्युलन्स कधी अडवू दिली नव्हती. सगळी कलमं त्यांच्या डोक्यात तयार होती. पण पाय हलत नव्हते. इतकी वर्षं ज्या बाजूला उभे राहिले, ती बाजू पायांनी परस्पर ठरवून टाकली होती आणि मालकाला विचारलंही नव्हतं.

"पाय उचलत नाही गं माझा," ते म्हणाले.

वहिनी परत त्यांच्यापाशी आल्या. हळू आवाजात बोलल्या, कारण सगळे बघत होते.

"तुमच्या फाटकावर किती डबे आणले मी. किती दिवस चालणार, असं कधी विचारलं नाही. आज विचारते. हे किती वेळ चालणार?"

बसच्या चालकानं हॉर्न वाजवला.

"तिला काय सांगू मी?"

"सांग, येतोय."

"येताय का?"

सेक्रेटरी जागचे हलले नाहीत, तेव्हा वहिनींनी पदराचं टोक खोचलं, पर्स काखेत घट्ट धरली आणि त्या गेल्या. ज्या बाईनं सकाळी सरकत्या जिन्यावर नवऱ्याची बाही सोडली नव्हती, ती त्या दोन रांगांमधून कुणाचाही आधार न घेता गेली. मान वर होती. बसचं दार बंद झालं, पोलिसांनी फाटक उघडलं, आणि बस वळणावरून दिसेनाशी झाली.

त्यानंतर सेक्रेटरींनी खिसे चाचपले. फोन पर्समध्ये. तिकिटं पर्समध्ये. सामानघराची पावती पर्समध्ये. हॉस्पिटलचं नाव त्यांना अजून एकदाही धड उच्चारता आलेलं नव्हतं. त्यांच्यापाशी गळ्यातला पासपोर्ट होता, रुमाल होता आणि चष्मा होता.

इतक्यात टाळ्या वाजल्या. सुरुवातीला त्यांना कळेना, की कुणासाठी. मग ध्यानात आलं, की बसच्या तोंडाशी येऊन परत फिरलेला सकाळपासूनचा एकमेव प्रवासी म्हणजे आपण. लाल टोपी घातलेली, हातात कर्णा धरलेली एक धिप्पाड बाई पुढे आली आणि तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला. ती एरवी गाडीत तिकिटं तपासायची. इथल्या शाखेची प्रमुख होती. सेक्रेटरींनी तुटक इंग्रजीत सांगितलं, आपणही युनियन, बस, खूप वर्षं, सेक्रेटरी. तिनं ते कर्ण्यावरून जाहीर केलं. पुन्हा टाळ्या. त्यांना घडीची खुर्ची मिळाली, कागदी पेल्यात चहा मिळाला, आणि एकानं त्यांच्या स्वेटरवर बिल्ला लावला. त्या चहाची चव सेक्रेटरींना लागली नाही, पण एक गोष्ट मान्य करायला हवी: डेपो सोडल्यापासून इतक्या लोकांनी त्यांच्याकडे एकदम पाहिलं नव्हतं. क्षणभर त्यांना बरं वाटलं. आणि बरं वाटलं याची लगेच इतकी लाज वाटली, की त्यांनी पेला खुर्चीखाली ठेवून दिला.

दुपार चढली. मंडळी मिरवणुकीनं मोठ्या चौकात निघाली. एकटं मागे राहून करायचं काय, म्हणून सेक्रेटरीही निघाले. चौकात लाकडी व्यासपीठ, त्यावर भाषणं. भाषणं किती लांबतात हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ती लांबवलेली होती. ते वारंवार चौकातल्या मोठ्या घड्याळाकडे बघत. आता तिला कपडे बदलायला दिले असतील. आता ढकलखुर्चीत बसवलं असेल. आता ती विचारत असेल.

लाल टोपीवालीनं त्यांना दंडाला धरून व्यासपीठावर नेलं, तेव्हा नको म्हणायचंही त्यांना सुधरलं नाही. दूर देशातून आलेला आपला साथी, असं काहीसं ती बोलली असावी. कर्णा त्यांच्या हातात आला. समोर चौक भरून माणसं होती. सेक्रेटरींनी घसा साफ केला आणि सवयीनं मराठीत सुरुवात केली.

"बंधूंनो आणि भगिनींनो, आपला लढा न्याय्य आहे," ते म्हणाले. टाळ्या आल्या. एवढ्यावर पुढचं वाक्य आपोआप यायला हवं होतं. जन्मभर येत आलं होतं. आज आलं ते भलतंच.

"आज माझ्या मुलीचं पोट उघडणार आहेत. बहुतेक आत्ताच उघडत असतील. मी तिथं नाही. मी इथं आहे. का आहे ते मला सांगता येत नाही."

आवाज चढला होता, म्हणून लोकांनी मुठी वर केल्या.

"ती लहान होती तेव्हा तिला कुणी विचारलं, बाबा कुठं असतात, तर सांगायची फाटकावर. हसायचो आम्ही. मला वाटायचं, मोठी झाली की समजेल. ती मोठी झाली. समजूनही घेतलं तिनं. मी कधी तिला हात धरून कुठं नेलं नाही. आज नुसता धरायचा होता."

त्यांचा आवाज फाटला, आणि तो फाटलेला आवाज ऐकून चौकानं एवढा जल्लोष केला, की पलीकडच्या इमारतीवरची कबुतरं उडाली. फोटोवाल्यांनी फोटो काढले. सेक्रेटरींच्या आयुष्यातलं ते सगळ्यांत चांगलं भाषण होतं, आणि त्यातला एक शब्दही कुणाला कळला नाही. लाल टोपीवालीनं त्याचा अनुवाद म्हणून एक घोषणा दिली आणि चौकानं ती तीनदा म्हटली.

ते खाली येऊन पायरीवर बसले. थोड्या वेळानं लाल टोपीवालीही त्यांच्या शेजारी येऊन बसली. तिच्या हातात फोन होता आणि चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. तो चेहरा वाचायला सेक्रेटरींना भाषा लागली नाही. राजधानीत बसलेल्या मोठ्या पुढाऱ्यांनी परस्पर संप मागे घेतला होता. मिळालं काही नव्हतं. चर्चा सुरू राहणार होती. चर्चा सुरू राहील, हे वाक्य सेक्रेटरींनी स्वतः फाटकावर उभं राहून आपल्या माणसांना सांगितलेलं होतं, आणि ते सांगताना तोंडाला कशी कोरड पडते हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती डोळे पुसत म्हणाली, तुमचे तरी आभार. मग सहज चौकशी करावी तसं विचारलं, तुम्ही निघाला होतात कुठे.

सेक्रेटरींनी सांगितलं. मुलगी. हॉस्पिटल. ऑपरेशन.

"कधी?" तिनं विचारलं.

"आत्ता."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आणि तुम्ही इथे बसलात?" ती म्हणाली. "फाटकावर का नाही बोललात? आम्हीच चढवलं असतं."

सकाळी संपवाल्यांनी स्वतःच्या हातांनी दोन माणसं त्या बसमध्ये चढवली होती, असं तिनं सांगितलं. एक दिवस भरलेली बाई आणि एक डायलिसिसला निघालेला म्हातारा. त्या म्हाताऱ्याची पिशवी तर तिनं स्वतः उचलली होती. आजारपण असेल तर कोण अडवतो. तुम्ही इतकी वर्षं युनियनमध्ये होतात, तुम्हाला माहीत नाही का.

सेक्रेटरींना माहीत होतं. ते पायरीकडे बघत राहिले. त्यांच्या मानीपणाला आजवर साहेबांनी, मंत्र्यांनी, मॅनेजरांनी बरेच टोले हाणले होते, पण हा बसला तो वेगळ्याच जागी. त्यांचा त्याग कुणी मागितलेलाच नव्हता.

बाई मात्र उठली होती. रडायचं नंतर, असा तिचा एकूण आविर्भाव. तिनं सेक्रेटरींना घेऊन स्टेशन गाठलं, पहिल्या सुटणाऱ्या गाडीची चौकशी केली आणि सामानघराचं शटर वर करायला लावलं. तिथे पावतीवरून अडलं. सामानघरवाल्यानं बिल्ला काढून ठेवला होता आणि त्याच्यात पुन्हा नोकरी शिरली होती. पावती नसेल तर बॅगेत काय आहे ते सांगा, म्हणाला. सेक्रेटरींनी सांगितलं, माझे शर्ट, माझ्या पँटी, दाढीचं सामान, बायकोचे कपडे. त्यानं बॅग उघडली. वर मऊ जुन्या सुती कापडाच्या घड्या होत्या, लेकीचा शाळेतला पिवळा स्वेटर होता, हातानं शिवलेले पुढे बटणं असलेले सैल झगे होते, म्हणजे टाके ओढले जाऊ नयेत. खाली आणखी तेच. सेक्रेटरींचे म्हणून त्यात दोन शर्ट निघाले, कडेला, जागा उरली म्हणून कोंबल्यासारखे. सामानघरवाला म्हणाला, ही तुमची बॅग नाही. बराच वेळ सेक्रेटरींनाही तेच वाटत होतं. शेवटी लाल टोपीवाली काही तरी कडक बोलली आणि बॅग सुटली.

गाडीत तीच तिकिटं तपासायला होती. सेक्रेटरींजवळ तिकीट नव्हतं. ती शेजारून गेली तेव्हा दोघंही खिडकीबाहेर बघत होते. लेकीच्या शहरात उतरल्यावर तिनं एका कागदी रुमालावर हॉस्पिटलचं नाव लिहून दिलं; लेकीच्या नावावरून, नोकरीवरून आणि आजारावरून तिनंच फोन करकरून ते शोधून काढलं होतं. निरोप घेताना तिनं हात हलवला नाही. जा, एवढंच म्हणाली.

हॉस्पिटलच्या त्या खोलीत संध्याकाळचं ऊन भिंतीवर होतं. लेक पलंगावर पडून होती, नाकात नळी, ओठ सुकलेले. वहिनी खुर्चीवर बसल्या होत्या आणि त्यांनी दोन्ही पाय समोरच्या स्टुलावर ठेवले होते. सेक्रेटरी दारातच बॅगेचा दांडा धरून उभे राहिले. आत यायला कुणी सांगावं असं त्यांना वाटत होतं.

"बॅग मिळाली वाटतं," वहिनी म्हणाल्या.

मग हळू आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. काढता आली तेवढी गाठ काढली होती. सगळी काढता आली नव्हती. राहिलेलीचं काय ते तपासून कळणार होतं. डॉक्टर चांगले होते, पण सांगताना त्यांच्याकडे बघत नव्हते. आत नेताना तिनं विचारलं, बाबा कुठे. वहिनींनी सांगितलं, येतायत. दाराशी गेल्यावर तिनं परत विचारलं. परत सांगितलं, येतायत.

सेक्रेटरी पलंगाजवळ गेले आणि त्यांनी लेकीचा हात धरला. तो थंड होता आणि सुईच्या पट्टीमुळे नीट धरता येत नव्हता. तिनं डोळे उघडले. त्यांच्याकडे, मग स्वेटरवरच्या बिल्ल्याकडे पाहिलं. बिल्ला काढायचा राहूनच गेला होता.

"बाबा, संप मिटला?" तिनं विचारलं.

"मिटला बाळा."

"काय मिळालं त्यांना?"

सेक्रेटरींनी खोटं बोलायचा प्रयत्न केला, पण आयुष्यात या एका विषयावर ते लेकीशी कधी खोटं बोलले नव्हते. "काही नाही," ते म्हणाले. "चर्चा सुरू राहील."

लेकीला हसू आलं. हसताना टाके ओढले गेले, तिनं डोळे घट्ट मिटून घेतले, आणि दुखणं ओसरायच्या आत औषधाची गुंगी तिला परत घेऊन गेली. हात तसाच त्यांच्या हातात राहिला.

लाल टोपीवाली काय म्हणाली ते वहिनींना कधीही सांगायचं नाही, असं सेक्रेटरींनी गाडीतच ठरवून टाकलं होतं. सांगून त्यांना तरी काय करता आलं असतं. ते लेकीच्या बोटांकडे बघत राहिले, मग त्यांचं लक्ष स्टुलाकडे गेलं. वहिनींचे पाय घोट्यापासून सुजले होते, चपलांचे पट्टे कातडीत उमटले होते.

"विमानानं सुजले का गं?" त्यांनी विचारलं.

"विमानात नव्हते सुजले," वहिनी म्हणाल्या. "बसमध्ये उभी होते."

"इतक्या लांब? एवढी गर्दी होती?"

वहिनींनी लेकीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, जरा जास्तच वेळ घेऊन. त्यांनी सेक्रेटरींकडे पाहिलं नाही.

"निम्मी बस रिकामी होती," त्या म्हणाल्या. "तो चालक सारखा आरशात बघून खुणा करत होता, बसा म्हणून. पण त्या गाडीत नाही बसवलं मला."